तेराव्या धड्याचा कौल

गुरुदास मास्तरांनी बावीस वर्षं शास्त्र शिकवलं आणि या बावीस वर्षांत प्रजननाचा धडा एकदाही शिकवला नाही. अभ्यासक्रम बदलत गेला, धडा कधी नववा झाला, कधी अकरावा, सध्या तो तेरावा होता. मास्तरांचं वाक्य मात्र बदललं नाही. आधीचा धडा संपला की ते चष्मा पुसायचे, खिडकीबाहेरच्या माडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "पुढचा धडा सोपा आहे. घरी वाचून या." पोरंही शहाणी. कुणी चकार शब्द काढत नसे. शाळेच्या वाचनालयात त्या पुस्तकाच्या चार प्रती होत्या आणि चारही प्रतींची नेमकी तेवढीच पानं सुटी होऊन आली होती. मास्तर दर मे महिन्यात ती गोंदाने चिकटवत. एवढी मात्र त्यांनी त्या धड्याची सेवा केली.

अशा माणसाच्या शाळेत अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात एक परिपत्रक येऊन थडकलं. नगरपालिका हद्दीतल्या सर्व शाळांनी नववी-दहावीच्या मुलामुलींना किशोरवयातलं आरोग्य आणि एड्स नावाचा नवा रोग, याबद्दल एक तास घ्यावा आणि घेतल्याचं कळवावं.

हेडमास्तरांनी ते तीनदा वाचलं आणि त्यांना पहिली आशा दिसली ती हद्दीत. शाळा मालवणच्या अगदी वेशीवर. हद्दीचा दगड शाळेच्या आवारातच होता, म्हणजे वर्ग नगरपालिकेत आणि मुतारी ग्रामपंचायतीत. नळ मागायचा असला की शाळा शहरातली असे आणि तपासणी आली की खेड्यातली. "आपण नक्की शहर आहोत का?" असं हेडमास्तरांनी शिक्षकांना गंभीरपणे विचारलं. सगळ्यांनी गुरुदास मास्तरांकडे पाहिलं. ते नाही म्हणतील याची प्रत्येकाला खात्री होती, नव्हे, त्याच भरवशावर सगळे निवांत चहा पीत होते.

"हा तास मी घेतो," मास्तर म्हणाले.

चित्रकलेच्या बाईंच्या हातातली बशी कलंडली.

आता मास्तरांना हा उमाळा कुठून आला, ते सांगितलं पाहिजे. मास्तरांची थोरली बहीण यशोदा, बिचारी लवकर विधवा झालेली. तिचा एकुलता एक मुलगा धोंडू मुंबईला गोदीत कामाला होता. गावच्या माणसांनी मिळून ठेवलेल्या खोलीत राहायचा. भिंतीशी वीस ट्रंका, ज्याची ट्रंक जिथे तिथे त्याची झोपायची जागा. सत्त्याऐंशीत धोंडू आजारी असल्याची तार आली आणि मास्तर मुंबईला गेले. इस्पितळात धोंडूची खाट सगळ्यांपासून लांब, पार जिन्याखाली होती. जेवणाचं ताट कुणीतरी पायाने पुढे सरकवायचं. चोवीस वर्षांचा धडधाकट पोर, त्याचं नुसतं चिपाड झालं होतं. डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि रोगाचं नाव सांगितलं. मास्तर शास्त्राचे शिक्षक असल्याचं कळल्यावर म्हणाले, "मग तुम्हाला जास्त सांगायला नको."

धोंडू गेला. मास्तर गावी परतले आणि सगळ्यांना त्यांनी कावीळ म्हणून सांगितलं. बायकोला कावीळ, शेजाऱ्यांना कावीळ, आणि ज्या आईचा एकुलता एक पोर गेला त्या यशोदेलाही कावीळच.

एवढंच असतं तर मास्तरांनी ते गिळून टाकलं असतं. गिळायची त्यांना सवय होती. पण त्यांचा स्वतःचा मुलगा मधू आता दहावीत होता, त्यांच्याच वर्गात. एप्रिलात परीक्षा संपली की तो मुंबईला जायचा होता. गोदीत ओळखीने चिकटवायचं ठरलं होतं, राहायला तीच खोली आणि ट्रंक ठेवायला धोंडूची रिकामी झालेली जागा. कावेरीबाईंना, म्हणजे मधूच्या आईला, जागा आयती मिळाली याचा कोण आनंद! मास्तर मात्र त्या जागेचं नाव निघालं की उठून पडवीत जायचे.

पोराला सांगायला तर हवं. पण कसं? मास्तरांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा विहिरीवर पोराला गाठलं. "मधू."

"काय बाबा?"

"काय नाय. सायकलीत हवा भर."

दुसऱ्यांदा पडवीत, तिसऱ्यांदा बाजारातून येताना, दर वेळी जीभ तिथपर्यंत जायची आणि सायकलीकडे वळायची. त्या महिन्यात सायकलीची चाकं नुसती टणटणीत फुगलेली होती. म्हणून मास्तरांना परिपत्रक म्हणजे देवाने धाडलेलं वाटलं. फळा असेल, समोर बहात्तर पोरं असतील, हातात सरकारी शिक्क्याचा कागद असेल. बहात्तरांना सांगायचं, त्यात एक मधू. सरकारच्या तोंडून बोललं की बापाची लाज वाचते.

पण प्रकरण शाळा समितीपुढे गेलं. समितीचे चेअरमन दाजी, त्यांचा काजूचा कारखाना होता आणि काजू सोडून इतर सगळ्या विषयांत त्यांचं मत पक्कं असे.

"पोरांका म्हायत नाय ता सांगूचा कित्याक?" दाजी कडाडले. "आज सांगशात, उद्या करून बगतली!"

"दाजी, त्यांना माहीत आहे," मास्तर म्हणाले. "चुकीचं माहीत आहे एवढंच."

"आनी आमच्या गावात खंय आसा हो रोग? म्हमयचे धंदे म्हमयत. गावातलो एक, फक्त एक माणूस दाखवा माका, मी सोता खडू आणून देतंय तुमका!"

सगळे मास्तरांकडे बघत होते. एक नाव होतं ना मास्तरांकडे! ते उच्चारलं असतं तर दाजींचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं, खडू मिळाला असता, तास झाला असता. मास्तरांनी तोंड उघडलंही. मग डोळ्यांपुढे यशोदेचं कुंकू नसलेलं कपाळ आलं, गावात तिच्या घरचं पाणी कोण पिईल हा विचार आला, आणि मास्तरांनी ते नाव पुन्हा गिळलं.

"नाही," ते म्हणाले. "गावात नाही कोणी."

"मगे?" दाजी विजयी मुद्रेने खुर्चीत रेलले. पण सरकारी कागद फाडून टाकण्याची छाती त्यांनाही नव्हती. हेडमास्तरांना तर मुळीच नव्हती. तेव्हा गावात अशा वेळी जे होतं तेच झालं. विहीर खणायची असो, सोयरीक जुळवायची असो की म्हैस हरवलेली असो, माणसांचं डोकं चालेनासं झालं की ग्रामदेव रवळनाथाला कौल लावायचा. देवाच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओली फुलाची पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"देवाक विचारूया," दाजी म्हणाले. "देव सांगात तसा." नाही तर नाही, देवावर ढकललं की सरकारलाही उत्तर झालं. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर महिनाभराने रंग परतला.

सोमवारी सकाळी सगळे देवळात जमले. गणपत गुरवाने आल्याआल्या पहिला प्रश्न केला, "पोरां खंय आसत?"

"पोरांचं इथे काय काम?" हेडमास्तर म्हणाले.

"ज्यांच्यासाठी कौल, ती माणसां देवाफुडे होयी. नायतर कौल लागना नाय. म्हशीचो कौल लावलो तेव्हा म्हशीच्या धन्याक उभो केलोच ना?"

चाल म्हणजे चाल. शाळेतून नववी-दहावीची बहात्तर पोरं रांगेने आली आणि सभामंडपात उजवीकडे मुली, डावीकडे मुलगे अशी हात जोडून उभी राहिली. बातमी लागल्यावर आया आल्या, मागच्या खांबापाशी म्हाताऱ्या आल्या. त्यांत यशोदा होती.

गणपतने पाकळ्या लावल्या. मग मास्तरांकडे वळून म्हणाला, "आता गाऱ्हाणां काय घालूचा, ता नीट सांगा."

मास्तर त्याच्या कानाशी झुकून कुजबुजले, "लैंगिक संबंधातून संक्रमित होणाऱ्या रोगाबाबत प्रबोधन करावं की कसं..."

"मास्तरांनू," गणपत म्हणाला, "ह्या माका कळला नाय, तर देवाक काय कळतला? मालवणीत सांगा. आनी ह्या कानान माका आयकाक येना नाय. मोठ्यान सांगा. देवाकडे कसली इली लाज?"

"देवाला सगळं सांगावं लागतं का?" हेडमास्तरांनी चाचरत विचारलं.

"अर्धा सांगशात तर देव अर्धोच कौल देतलो," गणपतने निकाल दिला आणि हात जोडून खड्या आवाजात सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा! आज तुझी शाळेची लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत."

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यावर होकार द्यायचा, हे गावात बोलायला येण्याआधी येतं.

"म्हमयत एक नवो रोग इलो आसा. नाव त्येचा एड्स."

"व्हय म्हाराजा!"

गणपत थांबला आणि त्याने मास्तरांकडे बघितलं. फुडे? मास्तरांनी ओठ ओले केले. पुढच्या रांगेत डावीकडून चौथा मधू उभा होता, हात जोडून, त्यांच्याकडेच बघत. मास्तरांना वाटलं, आता सायकलीत हवा भरायला सांगावं. पण देवळात सायकल नव्हती. मग ते बोलायला लागले, आधी खालच्या पट्टीत, मग वरच्या. ते एक वाक्य सांगत आणि गणपत ते देवापुढे घाले.

"तो हात लावल्यान होना नाय, एका ताटात जेवल्यान होना नाय, डास चावल्यान होना नाय."

"व्हय म्हाराजा!"

"रोग्याच्या रगातातसून जाता. एकाक टोचलेली सुई दुसऱ्याक टोचल्यार जाता. आवशीच्या पोटातल्या पोराक जाता."

"व्हय म्हाराजा!"

"आनी ज्येका तो रोग आसा, त्येच्या वांगडा निजल्यार जाता. बाप्यापासून बायलेक, बायलेपासून बाप्याक!"

इथे जरा अडखळलं. आयांनी पदर तोंडाला लावले, दाजींचा चेहरा काजूच्या बोंडासारखा लाल झाला. पण गाऱ्हाण्यात होकार चुकला तर देवाचा कोप, हे दाजींनाही ठाऊक. सगळ्यांत मोठा "व्हय म्हाराजा!" त्यांचाच निघाला.

"रोग आसलेलो माणूस तोंडार वळखाक येना नाय. वर्सांवर्सां धडधाकट दिसता. औषद नाय. पन आडवूचो उपाय आसा."

"व्हय म्हाराजा!"

"उपाय काय तो?" गणपतने आपला चांगला कान पुढे केला.

बावीस वर्षं चिकटवलेली ती पानं, सगळी एकदम सुटून अंगावर आल्यासारखं झालं त्यांना. "एक म्हणजे घाई करू नये," ते म्हणाले. "वय होईपर्यंत थांबावं. आणि नाही थांबलं कोणी, तर..." आणि मग, देवळाच्या घुमटात घुमेल एवढ्या मोठ्या आवाजात ते ओरडले, "निरोध वापरावा!"

घुमटाने तो शब्द दोनदा परत दिला. कुणाच्या तोंडून होकार फुटेना. हेडमास्तर फरशीकडे बघत होते, पोरं एकमेकांकडे. तेवढ्यात मागच्या खांबापासून एक थकलेला, पण स्पष्ट आवाज आला, "व्हय म्हाराजा." यशोदेचा होता. सवयीने आला असेल, मास्तरांना वाटलं. त्या आवाजामागून सगळं देऊळ म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

"खंय गावता तो?" गणपतने विचारलं. "पत्तो सांगूक होयो देवाक."

"सरकारी दवाखान्यात. लाल त्रिकोणाची पाटी असते तिथे. फुकट." आता मास्तर थांबायला तयार नव्हते. चेव चढला होता त्यांना. रोगाची भीती असली तरी रोग्याला टाकू नये, त्याचं ताट पायाने सरकवू नये, हेसुद्धा त्यांनी सांगितलं आणि सांगताना त्यांचा आवाज फुटला. गणपतने ते फुटक्या आवाजासकट देवापुढे घातलं.

शेवटी प्रश्न आला. "तर बा देवा म्हाराजा, ह्या सगळा पोरांका सांगूचा काय सांगूचा नाय, तो कौल दी!"

पाकळ्या मिनिटभर जागच्या हलल्या नाहीत. आणि मग डावी पाकळी पडली.

नाही.

दाजींनी आनंदाने देवाला नारळ बोलला. हेडमास्तरांनी मुलांना जाहीर केलं, "देवाची इच्छा नाही. तेव्हा हा विषय तुम्हाला सांगितला जाणार नाही." बहात्तर पोरांनी गंभीरपणे मान डोलावली आणि ती रांगेने शाळेत गेली.

मास्तर पायरीवर बसून राहिले. रडू येईल की काय असं त्यांना वाटत होतं. तास गेला. आता पोराला गाठायचं कुठे? गणपत गुरव निर्माल्य आवरून बाहेर आला आणि त्यांच्याजवळ टेकला.

"मास्तर, तोंड कित्याक पाडलास? देवाक काय खुळो समाजल्यात? एकदा इतक्या बोंबलून सांगून झाला, आता परत कित्याक सांगूचा? म्हणान तो नाय म्हणालो."

मास्तरांना हे पटलं नाही. शास्त्राचा माणूस. तास तो तास.

फेब्रुवारीत शिक्षण विभागाचे एक साहेब ओरोसहून तपासणीला आले. त्याआधी ते तीन शाळांत जाऊन आले होते. तिथे तास झाल्याच्या नोंदी वळणदार अक्षरात होत्या आणि एड्स कशाने होतो म्हणून विचारल्यावर पोरांनी डास, घाण पाणी आणि इंग्रजी सिनेमा अशी उत्तरं दिली होती. या शाळेच्या रजिस्टरात लिहिलं होतं, "तास झालेला नाही. कारण, स्थानिक परिस्थिती." साहेब भडकले. तावातावाने दहावीच्या वर्गात शिरले आणि पहिल्या बाकावरच्या विमलाला उभं केलं. "एड्स कशाने होतो, सांग!"

विमला भेदरली. मग तिने डोळे मिटले, हात जोडले आणि एका दमात सुरू झाली, "बा देवा म्हाराजा, तो हात लावल्यान होना नाय, एका ताटात जेवल्यान होना नाय..."

"व्हय म्हाराजा!" वर्ग गरजला.

ताट, डास, सुई, रगात, आवस, पोर, निजणं, थांबणं, निरोध, लाल त्रिकोण, काही म्हणजे काही सुटलं नाही. तिसऱ्या होकाराला साहेबांचे हात आपोआप जोडले गेले होते. तेही इथलेच, कुडाळकडचे होते. जाताना त्यांनी शेरा लिहिला, "विद्यार्थ्यांचे ज्ञान उत्तम. तास न घेतल्याबद्दल संबंधित शिक्षकास लेखी समज द्यावी." त्याप्रमाणे गुरुदास मास्तरांना समज मिळाली. बावीस वर्षं धडा गाळला तेव्हा हू की चू नाही, आणि सगळ्या गावासमोर शिकवला त्या वर्षी समज! मास्तर तो कागद वाचून कितीतरी दिवसांनी हसले.

पण मधू घरी काही बोलला नव्हता. त्याच्या डोक्यात काय शिरलं नि काय घुमटात विरलं, हे मास्तरांना कळायला मार्ग नव्हता. परीक्षा झाली. एप्रिल उजाडला.

मालवणच्या स्टँडवर दुपारची मुंबईची गाडी लागली होती. कावेरीबाईंनी कुळथाचं पीठ, सोलं, फणसाची साठं असं सगळं पिशवीत कोंबलं होतं. यशोदाही आली होती, डब्यातून आणलेले बेसनाचे लाडू तिने भाच्याच्या पिशवीत भरले. मधूने ट्रंक टपावर चढवली. धोंडूचीच ट्रंक होती. यशोदेनेच दिली होती, पोराला नवी कशाला म्हणून.

मास्तर पुढे झाले. आता नाही तर कधीच नाही. "मधू."

"काय बाबा?"

मास्तरांची नजर गाडीच्या पुढच्या चाकाकडे गेली. "हवा बरोबर आसा मां..."

मधू हसला. "बाबा, देवळातला सगळा आसा माझ्या ध्यानात." मग त्याचं हसू गेलं आणि तो हळूच म्हणाला, "पन एक शंका आसा."

दहा वर्षांपूर्वी मास्तरांच्याच वर्गात, मागच्या बाकावरून, धोंडू असाच उभा राहिला होता. सर, त्या धड्यात एक शंका आहे. सगळा वर्ग फिदीफिदी हसला होता आणि मास्तरांनी त्याला कान धरून बाहेर उभं केलं होतं. शंका काय होती, ते त्यांनी विचारलंच नव्हतं.

"विचार," मास्तर म्हणाले.

"धोंडूदादाक ताच झाल्ला मां? कावीळ नाय."

कंडक्टरने घंटी दिली. यशोदा चार पावलांवर उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुन्हा कावीळच तोंडातून निघाली असती.

"व्हय," ते म्हणाले.

मधूने मान हलवली, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि गाडीत चढला. खिडकीतून त्याने आईला, आत्येला हात केला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. कावेरीबाई डोळे पुसत पुढे चालू लागल्या. मास्तर मागे वळले तर यशोदा जागची हललेली नव्हती. लाडवाचा रिकामा डबा तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. तिने आरडाओरडा केला नाही, खोटं का बोललास म्हणून विचारलं नाही. धोंडूला काय झालं होतं, ते तिला देवळातच उमगलं होतं.

"गुरू," ती म्हणाली, "माझो धोंडू तुझ्याच वर्गात होतो मां रे?"

"व्हय," मास्तर म्हणाले.